माख २ चा शॉक : टर्ब्युलन्स चौपट, दीडपट की कमी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर इथेच कळेल. माख २ च्या, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या, प्रवाहात तुम्ही सिम्युलेशनमध्ये एक सरळ उभा शॉक (दाब आणि घनता एकदम उडी मारतात तो पातळ थर) स्थिर ठेवला आहे. येणारा टर्ब्युलन्स (हवेतली भोवऱ्यांची खळबळ) सगळ्या दिशांना सारखा आहे आणि त्याचा टर्ब्युलंट माख आकडा, म्हणजे चढउतारांचा वेग भागिले ध्वनिवेग, ०.२ च्या आसपास आहे. के-एप्सिलॉन मॉडेल (टर्ब्युलन्सचा फक्त सरासरी परिणाम धरणारं) सांगतं की शॉकच्या पलीकडे टर्ब्युलन्सची गतिज ऊर्जा चौपट झाली. ग्रिड (गणितासाठी प्रवाहाचे पाडलेले लहान तुकडे, म्हणजे सेल) बारीक केली तर तीच सहापट झाली. एलईएस (मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवून लहानांचं मॉडेल करणारी पद्धत) लावलं तर ऊर्जा वाढायच्या ऐवजी थोडी घटली, फक्त शॉकच्या जागी आलेखात एक उंच सुळका आला. मार्गदर्शक म्हणतात की उत्तर १.६ च्या घरात यायला हवं. मग खरं कोणतं, आणि शॉक टर्ब्युलन्स वाढवतो की मारतो?

मार्गदर्शकांचा आकडा बरोबर आहे, आणि शॉक टर्ब्युलन्स वाढवतो. पण एवढं सांगून तुमचं काम होणार नाही. तुमचे तीनही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत. पहिला बव्हंशी तुमच्या सेलची रुंदी मोजतो. सुळका शॉकची हालचाल मोजतो. एलईएसची घट तुमच्या स्कीमचा, म्हणजे समीकरणं सोडवायच्या आकडेमोडीच्या पद्धतीचा, स्वभाव दाखवते. टर्ब्युलन्सचं प्रत्यक्ष काय झालं हे या तिन्हींच्या खाली दबून गेलं आहे. ते वर काढायचं तर शॉक आणि भोवरे यांच्यात नेमकं काय घडतं ते आधी बघू.

शॉकची जाडी किती असते? साध्या वातावरणात हवेचा रेणू दोन टकरींच्या मधे सरासरी ०.०७ मायक्रोमीटर जातो. माख २ चा शॉक अशा थोड्याच अंतरांएवढा जाड, म्हणजे एका मायक्रोमीटरहून बराच कमी. हवेचा कण तो एखाद्या नॅनोसेकंदात ओलांडतो. प्रयोगशाळेतल्या प्रवाहात सगळ्यात लहान भोवरेही याच्या कितीतरी पट मोठे असतात. त्यामुळे शॉकच्या आत असताना भोवऱ्याला वळायला, तुटायला, शेजाऱ्याला ऊर्जा द्यायला सवडच मिळत नाही. तो आहे तसा दाबला जातो आणि बाहेर पडतो. टर्ब्युलन्सची सगळी नेहमीची यंत्रणा त्या क्षणापुरती थांबलेली असते. ही एक गोष्ट पक्की धरलीत की पुढचं बरंच सोपं जातं.

आता एकच भोवरा घ्या, ज्याचा आस शॉकच्या पृष्ठाला समांतर आहे. अलीकडे त्याचा छेद गोल आहे. माख २ ला घनता २.६७ पट होते, म्हणजे तो छेद प्रवाहाच्या दिशेने तितक्याच पट चेपला जातो आणि लंबगोल होतो. भोवऱ्याभोवतीचं अभिसरण तेवढंच राहिलं आणि क्षेत्रफळ २.६७ पट कमी झालं, तर फिरण्याची तीव्रता, म्हणजे व्हॉर्टिसिटी, २.६७ पट वाढणारच. ज्याचा आस प्रवाहाच्याच दिशेने आहे त्या भोवऱ्याचा छेद मात्र चेपला जात नाही, त्याची फिरकी तशीच राहते. म्हणून शॉकच्या लगेच पलीकडे दोन आडव्या दिशांची व्हॉर्टिसिटी वाढलेली दिसते आणि प्रवाहाच्या दिशेची जवळजवळ होती तेवढीच. तुमच्या निकालात हे दिसतं का, ते सगळ्यात आधी तपासा. मी कोणाचंही असलं सिम्युलेशन बघायला बसलो की ऊर्जेच्या आलेखाआधी हा आलेख मागतो, कारण तो खोटं बोलायला अवघड आहे.

पण हे चित्र अर्धंच आहे. यात शॉक म्हणजे पोलादी भिंत धरली आहे, आणि तो तसा नसतो. जिथे येणारी हवा सरासरीपेक्षा थोडी जोरात येते, तिथे शॉक पलीकडे ढकलला जातो. जिथे मंद येते तिथे अलीकडे सरकतो. ढकलला जाणारा शॉक त्या जोरातल्या हवेबरोबर थोडा पळतो, म्हणून त्याला जाणवणारा फरक कमी होतो. म्हणजे शॉक मागे-पुढे होऊन काही धक्का स्वतःच जिरवतो. शिवाय त्याला सुरकुत्या पडतात, आणि सुरकुतलेल्या पृष्ठातून दाबाच्या लहरी आणि तापमानातले चढउतार पलीकडे निघतात.

याचं गणित रिबनरने १९५३ मध्ये मांडलं. व्हॉर्टिसिटीची एक तिरकी साइन लहर शॉकवर सोडायची; पलीकडे तीन गोष्टी निघतात : वळलेली व्हॉर्टिसिटी लहर, एंट्रॉपीची (तापमान आणि घनतेच्या चढउतारांची) लहर आणि ध्वनीची लहर. कोवाझ्नायने त्याच वर्षी कॉम्प्रेसिबल टर्ब्युलन्सचे हेच तीन घटक वेगळे करून दाखवले होते. मग सगळ्या कोनांच्या लहरींची बेरीज करायची. याला आपण लिनियर इंटरॅक्शन अ‍ॅनालिसिस, किंवा नुसतं एलआयए म्हणतो. त्यात एक क्रिटिकल कोन असतो : त्याच्या एका बाजूला ध्वनिलहर दूरवर जाते, दुसऱ्या बाजूला ती शॉकपासून थोड्याच अंतरात विरून जाते.

ही विरणारी लहर तुमच्यासाठी फार महत्त्वाची आहे. तिच्यामुळे शॉकच्या अगदी मागे ऊर्जा कमी असते, आणि साधारण एका मोठ्या भोवऱ्याएवढं अंतर गेल्यावर ती चढून कमाल होते. दाबाच्या रूपात अडकलेली ऊर्जा तेवढ्या अंतरात वेगाच्या चढउतारांत परत येते. त्यानंतर चिकटपणामुळे ती हळूहळू ओसरते. म्हणजे ‘शॉकनंतर किती पट’ या प्रश्नाला ‘कुठे मोजून’ हे जोडल्याशिवाय अर्थच नाही. शॉकला चिकटून मोजणारा आणि दूर जाऊन मोजणारा, दोघेही प्रामाणिकपणे वेगळे आकडे सांगतील. १.६ हा आकडा ती लहर विरल्यानंतरचा आहे, आणि त्यात चिकटपणाची घट धरलेली नाही.

आता तुमचं के-एप्सिलॉन. तिथे ऊर्जा-निर्मितीची संज्ञा एडी व्हिस्कॉसिटी (भोवऱ्यांच्या मिसळण्याला दिलेला मानीव चिकटपणा) गुणिले वेगाच्या ग्रेडियंटचा वर्ग अशी असते. शॉकमध्ये वेगाचा फरक ठरलेला आहे आणि तो तुमच्या ग्रिडवर तीन-चार सेलमध्ये पसरतो. सेल अर्धा केला की ग्रेडियंट दुप्पट, त्याचा वर्ग चौपट, आणि शॉकची रुंदी निम्मी; एकूण निर्मिती दुप्पट. ग्रिड जितकी बारीक तितका आकडा मोठा, आणि याला शेवट नाही. तुमची चौपट आणि सहापट ही त्याचीच फळं. प्रॉडक्शन लिमिटर (निर्मितीवरची कृत्रिम मर्यादा) लावून आकडा खाली येईल, पण तो का खाली आला हे तुम्हाला सांगता येणार नाही. एडी व्हिस्कॉसिटीची कल्पनाच असं धरून चालते की भोवऱ्यांना सरासरी प्रवाहाशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो. नॅनोसेकंदाचा हिशेब आपण वर केलाच आहे.

यावरचा उपाय सिन्हा, महेश आणि कँडलर यांनी २००३ मध्ये सुचवला आणि मी तोच वापरतो. शॉकच्या आत एडी व्हिस्कॉसिटी शून्य करा. मग उरते फक्त दोन-तृतीयांश गुणिले ऊर्जा गुणिले दाबला जाण्याचा दर ही संज्ञा. तिचं उत्तर हातानेही काढता येतं : ऊर्जा घनतेच्या गुणोत्तराच्या दोन-तृतीयांश घातांकाने वाढते. माख २ ला २.६७ चा दोन-तृतीयांश घात म्हणजे १.९२. यावर ग्रिडचा परिणाम नाही, पण शॉकचं मागे-पुढे होणं यात अजून आलेलं नाही. त्यासाठी ते घातांकाला एका गुणकाने कमी करतात : एक वजा ०.४ गुणिले (१ वजा ‘ई’चा १ वजा माख इतका घात). माख २ ला हा गुणक ०.७५ च्या जवळ येतो, घातांक ०.५ च्या जवळ, आणि उत्तर १.६३. मार्गदर्शकांचा आकडा बहुधा इथूनच आला असावा. हा गुणक एलआयएशी जुळवून बसवलेला आहे, हे मात्र विसरू नका. तो भौतिक नियम नाही.

सुळक्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण त्यात मी स्वतः फसलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याही आलेखात शॉकच्या जागी प्रवाहाच्या दिशेच्या चढउतारांचा असाच डोंगर आला होता, आणि मी तो ‘शॉकमधली प्रचंड वाढ’ म्हणून एका सादरीकरणात दाखवला. समोर बसलेल्या एका ज्येष्ठाने एवढंच विचारलं, ‘टर्ब्युलन्स काढून टाकलास आणि शॉक नुसता हाताने हलवलास, तर हा डोंगर जाईल का?’ मी घरी येऊन गणित केलं आणि झोप उडाली.

ते गणित असं. एका स्थिर बिंदूवर तुम्ही सरासरी घेताय. शॉक मागे-पुढे होतो, म्हणून तो बिंदू निम्मा वेळ शॉकच्या अलीकडे आणि निम्मा वेळ पलीकडे असतो. अलीकडच्या ध्वनिवेगाच्या मापात बोलायचं तर अलीकडे वेग २, पलीकडे ०.७५, फरक १.२५. दोन किमतींमध्ये निम्मा-निम्मा वेळ असेल तर व्हेरियन्स (सरासरीपासूनच्या फरकाच्या वर्गाची सरासरी) येतो फरकाच्या वर्गाचा चौथा भाग, म्हणजे ०.३९. आणि तुमच्या खऱ्या टर्ब्युलन्सचा? टर्ब्युलंट माख ०.२ असेल तर एका दिशेचा व्हेरियन्स ०.०४ भागिले ३, म्हणजे ०.०१३. नुसत्या हलण्याने जवळजवळ तीसपट आकडा तयार झाला, आणि त्यात एकही भोवरा नाही. प्रयोगातही हॉट-वायर (वेग मोजणारी तापवलेली तार) शॉकजवळ नेली की हेच होतं.

म्हणून सरासरी शॉकला धरून घ्या. प्रत्येक क्षणी, प्रत्येक आडव्या रेषेवर शॉक कुठे आहे ते शोधा (दाबाच्या ग्रेडियंटची कमाल चालते) आणि अंतर तिथून मोजा. एवढं जमत नसेल तर निदान शॉक जिथपर्यंत हलतो तो पट्टा आलेखावर राखाडी रंगवा आणि त्याच्या आतल्या कोणत्याही आकड्यावर बोलू नका. मी दुसऱ्याचा पेपर वाचताना हा पट्टा दिसला नाही की सावध होतो.

आता एलईएसमध्ये घट का आली. माझा अंदाज, तुमच्या फाइल्स न बघता : शॉक पकडणारी स्कीम तुम्ही सगळीकडे चालू ठेवली आहे. वेनोसारख्या स्कीम शॉकवर उत्तम, पण भोवऱ्यांवर त्या झिज करतात, आणि सगळ्यात जास्त लहान भोवऱ्यांवर. शॉक ज्या लहान भोवऱ्यांची फिरकी वाढवतो, नेमके तेच स्कीम गिळून टाकते. इलाज जुना आहे : सेन्सर लावा. ड्यूक्रोचा १९९९ चा सेन्सर डायलेशनच्या (हवा दाबली किंवा फुगण्याच्या दराच्या) वर्गाची व्हॉर्टिसिटीच्या वर्गाशी तुलना करतो. शॉकमध्ये तो एकच्या जवळ, टर्ब्युलन्समध्ये शून्याच्या जवळ. जिथे तो मोठा तिथेच शॉक-कॅप्चरिंग, बाकी सगळीकडे सेंट्रल स्कीम, जी भोवऱ्यांची झीज जवळजवळ करत नाही. सेन्सरची मर्यादा किती ठेवायची हे प्रत्येक कोडमध्ये वेगळं निघतं, तेवढं हाताने जुळवावं लागतं. तुमचं सबग्रिड मॉडेल (सेलपेक्षा लहान भोवऱ्यांसाठीचं) स्मॅगोरिन्स्की असेल तर शॉकमध्ये तेही बंद करा. तिथे के-एप्सिलॉनचाच ग्रेडियंटचा आजार पुन्हा येतो.

दुसरी शक्यता ग्रिडची. बरेच जण शॉकवर सेल दाट करतात आणि पलीकडे ग्रिड हळूहळू मोकळी सोडतात. इथे उलटं हवं असतं. माख २ चा हिशेब मांडतो. तापमान १.६९ पट झालं, म्हणून हवेचा चिकटपणा दीडपटीच्या जवळ गेला, घनता २.६७ पट, म्हणजे चिकटपणा भागिले घनता ०.५५ पट. दोन दिशांच्या व्हॉर्टिसिटीचा वर्ग सात पट, तिसरीचा तेवढाच, सरासरी पाच पट. म्हणजे ऊर्जा जिरण्याचा दर सुमारे २.८ पट. यातून कोल्मोगोरोव्ह लांबी, म्हणजे सगळ्यात लहान भोवऱ्यांचं माप, काढलीत तर ती निम्मी होते. माख ३ ला तोच हिशेब ०.४ देतो. म्हणजे डीएनएस (कोणतंही मॉडेल न लावता सगळे भोवरे सोडवणारं गणित) करणाऱ्याला शॉकच्या पलीकडे तिन्ही दिशांना दुप्पट बारीक ग्रिड लागते. आडव्या दिशेची ग्रिड सहसा सगळीकडे एकच असते, तेव्हा हा खर्च अलीकडेही भरावा लागतो. लार्सन आणि लेले यांनी २००९ मध्ये हे नीट दाखवलं. पुरेशी बारीक ग्रिड वापरल्यावर त्यांना दिसलं की व्हॉर्टिसिटी शॉकनंतर लवकरच सगळ्या दिशांना पुन्हा सारखी होते, पण रेनॉल्ड्स स्ट्रेस (वेगाच्या चढउतारांच्या गुणाकारांच्या सरासऱ्या) होत नाहीत. लहान भोवरे झालेलं विसरतात, मोठे लक्षात ठेवतात. रेनॉल्ड्स स्ट्रेसच्या मॉडेलवाल्यांना हे पचायला जड गेलं होतं.

तिसरी, आणि हसू येईल इतकी साधी : तुम्ही भागाकार कशाने करताय? इनलेटवरच्या ऊर्जेने केलात तर शॉकपर्यंत पोचेपर्यंत टर्ब्युलन्स आधीच बराच क्षीण झालेला असतो, आणि वाढ घट वाटते. शॉक न ठेवता तोच इनफ्लो एकदा चालवा आणि शॉकच्या जागी किती ऊर्जा उरते तिने भागा.

इथपर्यंत तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता कशावर काय अवलंबून आहे ते. शॉक तिरका असेल तर प्रवाहाचा माख सोडा, शॉकला लंब असलेला माख घ्या; माख २ चा प्रवाह आणि ४० अंशांचा शॉक म्हणजे परिणाम १.२९ च्या शॉकचा. येणाऱ्या हवेत तापमानाचेही चढउतार असतील तर उत्तर बदलतं. महेश, लेले आणि मोइन यांनी १९९७ मध्ये दाखवलं की गरम हवा मंद आणि थंड हवा जोरात अशी उलटी जोडी असेल तर वाढ जास्त होते, सुलटी असेल तर कमी. भिंतीलगतच्या बाउंडरी लेयरमध्ये सहसा उलटी जोडीच असते. आणि तुमचा पुढचा टप्पा शॉक-बाउंडरी लेयरचा असेल, जिथे प्रवाह भिंतीपासून सुटतो, तर यातलं बरंचसं बाजूला ठेवा. तिथे शॉकची एक अतिमंद डुलणी असते, सुटलेल्या भागाच्या लांबीवर मोजली तर स्ट्रूहाल आकडा (वारंवारिता गुणिले लांबी भागिले वेग) ०.०३ च्या आसपास, आणि तिचं कारण येणारे भोवरे की सुटलेला बुडबुडा यावर वर्षानुवर्षं वाद झाला आहे.

सगळ्यात मोठी अट टर्ब्युलन्सच्या जोराची. शॉकचा माख वजा १ याला ०.६ ने गुणा. टर्ब्युलंट माख त्याहून लहान असेल तर शॉकला फक्त सुरकुत्या पडतात, मोठा असेल तर त्याला भोकं पडतात : काही ठिकाणी उडी नाहीशी होऊन दाब सावकाश चढतो. तुमच्याकडे ०.६ विरुद्ध ०.२, म्हणजे शॉक शाबूत. माख १.२ ला हीच मर्यादा ०.१२ वर येते आणि तुमचाच टर्ब्युलन्स शॉक फाडेल. मग एलआयए विसरा. एक गमतीचं उदाहरण : स्वनातीत विमानाचा जमिनीवर ऐकू येणारा धमाका. त्यात दाबाची उडी साधारण १०० पास्कल, वातावरणाच्या दाबाच्या हजाराव्या भागाएवढी, म्हणजे शॉकचा माख जेमतेम १.०००४. साध्या वाऱ्यातले सेकंदाला एक-दोन मीटरचे झोतही या मर्यादेच्या कितीतरी वर आहेत. म्हणून तिथे शॉक टर्ब्युलन्सचं काय करतो हे कोणी विचारत नाही. टर्ब्युलन्स त्या शॉकचं काय करतो ते विचारतात. एकाच विमानाचा धमाका थोड्या अंतरावरच्या दोन मायक्रोफोनवर एकदा टोकदार आणि एकदा बोथट येतो, तो यामुळेच.

एलआयएवर विश्वास किती ठेवायचा, असंही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. बरीच वर्षं डीएनएस त्याच्याशी नीट जुळत नसे. र्‍यू आणि लिवेस्कू यांनी २०१४ मध्ये दाखवलं की शॉकची जाडी कोल्मोगोरोव्ह लांबीच्या तुलनेत जसजशी लहान होत जाते, तसतसे डीएनएसचे आकडे एलआयएकडे जातात. आधीच्या गणितांत रेनॉल्ड्स आकडा (जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) इतका कमी असे की शॉक आणि लहान भोवरे फारसे वेगळे राहतच नसत.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. आधी शू-ओशरचा एक मितीतला प्रश्न, माख ३ चा शॉक आणि साइन लहरीची घनता, तुमच्या कोडवर चालवा. लहरींची उंची शॉकमागे खचत असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. मग शॉकशिवायचं गणित. मग शॉक टाकून आउटलेटचा दाब असा जुळवा की सरासरी शॉक एका जागी थांबेल. टर्ब्युलन्स आला की नुसत्या रँकिन-युगोनिओच्या (शॉकच्या उडीच्या सूत्रांतून येणाऱ्या) दाबाने तो हळूहळू वाहत जातो, आणि वाहणारा शॉक मागे खोट्या लाटा सोडतो. आउटलेटला स्पंज (लाटा जिरवणारा पट्टा) लावा, नाहीतर ध्वनी परत येऊन शॉक हलवेल. सरासरी घेणं त्यानंतर.

पुढच्या वेळी आलेख पाठवाल तेव्हा शॉकची जागा वेळेनुसार कशी बदलते तो आलेखही जोडा, आणि प्रवाहाच्या दिशेला किती सेल घेतले तेही लिहा. शॉक सरकत असेल तर बाकी काही बघायच्या आधी तेच दुरुस्त करावं लागेल.